कोरड्यास ओलं की कोरडं? (आणि असेच भांडणाचे शब्द)

पळसफूल

माहेर अमरावती जिल्ह्यात, सासर कऱ्हाडजवळ. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यामुळे आता हसत सांगते. तेव्हा रडले होते.

लग्नानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी सासूबाई बाहेर पडताना म्हणाल्या, "भाकरी टाकून ठेव आन् कोरड्यास कायतरी कर." मी ऐकलं 'कोरडं'. आमच्याकडे पातळ भाजी असते आणि कोरडी भाजी असते. यांना कोरडी हवी, एवढा सरळ हिशोब. वांग्याच्या काचऱ्या तव्यावर कुरकुरीत होईस्तोवर परतल्या. रस्सा म्हणून थेंब नाही. दुपारी सासरे जेवायला बसले, ज्वारीची भाकरी ताटात कुस्करली आणि हात तसाच ठेवून थांबले. मीही उभी. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "कोरड्यास?" मी काचऱ्यांकडे बोट दाखवलं. ते काही बोलले नाहीत. कुस्करलेल्या भाकरीवर दूध ओतून जेवले आणि उठले.

त्याच आठवड्यात "मामा कुठंयत?" या प्रश्नाला "रानात गेल्यात" असं उत्तर मिळालं. साठीच्या माणसाला जंगलात एकट्याला कसं जाऊ दिलं, म्हणून मी घाबरले. आमच्याकडे माणूस वावरात जातो, रानात वाघ असतो. आणि कळस म्हणजे "भांगलायला चार बायका सांगून ये" हे मी "भांडायला चार बायका" असं ऐकलं. कुणाशी भांडायचंय, हे विचारायचा धीर झाला नाही.

बाकीच्या शब्दांचे अर्थ हळूहळू कळले, रान म्हणजे शेत, भांगलणं म्हणजे पिकातलं तण काढणं. कोरड्यासचा मात्र अजून निकाल लागलेला नाही. सासूबाईंच्या मते ते पातळच असतं. जाऊबाई जुन्नरकडच्या, त्या म्हणतात कोरड्यास म्हणजे सुकी भाजी, पातळ असेल तर ते कालवण. एका घरात, एका चुलीवर दोन अर्थ. जाणकारांनी सांगावं. आणि तुमच्याकडचे असे भांडणाचे शब्दही येऊ द्या.

कृष्णाकाठ

जाऊबाईंचं चुकतंय.

यात कोरडी आहे ती भाकरी. भाजी नव्हे. 'स' हा प्रत्यय आहे, रामास, घरास, तसं कोरड्यास. कोरड्याला लागतं ते कोरड्यास. नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही, ती उतरवायला जे काही ताटात येतं ते सगळं यात आलं. शेंगदाण्याची आमटी, अख्खा मसूर, डाळकांदा, पावट्याचा रस्सा. आमच्याकडे शेजारीण कुंपणावरून विचारते ते हेच, "काय केलंय कोरड्यास?" उत्तर कधी 'झुणका' असंही येतं. म्हणजे बहुतेक वेळा पातळ, पण पातळच पाहिजे असा काही कायदा नाही.

तुमच्या सासऱ्यांचं कौतुक वाटलं. आमच्या घरात त्या दिवशी ताट भिरकावलं गेलं असतं.

माळवद

कृष्णाकाठ, पहिला अर्धा प्रतिसाद मान्य, झुणका अमान्य. सोलापूरकडे झुणका म्हणजे झुणका. कोरड्यास म्हणजे ज्यात भाकरी बुडते ते. तुम्हीच म्हणता की कोरड्याला लागणारं ते कोरड्यास, मग कोरड्याला कोरडंच लावून काय उपयोग? ठेचा, चटणी, झुणका, कांदा हे सगळं तोंडी लावणं. ती वेगळी जात.

आंबेमोहोर

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. (ते कोरड्यास की तोंडी लावणं?)

कुकडी

मी जुन्नरचाच. जाऊबाईंच्या बाजूनं एक मत. आमच्या आजीच्या तोंडात दोन्ही शब्द होते आणि ती कधीच घोटाळा करायची नाही. रश्श्याचं ते कालवण, कारण भाकरी त्यात कालवायची. परतलेलं, कमी पाण्याचं ते कोरड्यास. व्युत्पत्ती तुमची बरोबर असेलही, पण आजीला प्रत्यय कुठं माहीत होता? तिला 'कोरडं' ऐकू आलं आणि तिनं तो शब्द कोरड्या भाजीला दिला. चार पिढ्या तसंच बोलतायत, आता तुम्ही व्याकरण दाखवून चूक म्हणणार का?

अवांतर: कोकणात 'कालवण' म्हटलं की मासेच डोळ्यांसमोर येतात, असं ऐकून आहे. कोकणवाल्यांनी खुलासा करावा.

जुनाट

हा वाद तीन प्रतिसादांत मिटतो. कोश उघडा. मोल्सवर्थचा १८३१ चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यानंतर दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळात सात खंड आणि १९५० मध्ये पुरवणी. एवढं सगळं हाताशी असताना 'आमच्या आजीकडे असं म्हणायचे' हा पुरावा होत नाही. प्रत्येकाला आजी असते.

कृष्णाकाठ

जुनाटराव, कोशवाल्यांनी तरी शब्द आणले कुठून? कुणाच्या तरी आजीकडूनच ना? मोल्सवर्थच्या हाताखाली शास्त्री होते. ज्या शास्त्र्याचं गाव जिथं, तिथला शब्द आत आला. भांगलायला जाणारी बाई त्यांच्या ओसरीवर किती वेळा बसली असेल?

जुनाट

हा मुद्दा घेतो. पण निम्माच. महाराष्ट्र शब्दकोशात शब्दापुढे कंसात खुणा असतात, (व.) म्हणजे वऱ्हाडी, (ना.) नागपुरी, (खा.) खानदेशी, (गो.) गोमंतकी, (कु.) कुडाळी, (राजा.) राजापुरी. म्हणजे कुठला शब्द कुठं ऐकला हे त्या लोकांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. लहानपणी मी (व.) म्हणजे 'वगैरे' समजायचो, त्यामुळे बरेच वऱ्हाडी शब्द मला वगैरे वाटायचे. पळसफूल यांनी माफ करावं.

आणखी एक गोष्ट सुचवतो. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड, १९०५ चा, मराठीवर आहे. त्यात निरनिराळ्या बोलींचे नमुने देताना बायबलमधली उधळ्या मुलाची तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून घेतली आहे. वाचायला कंटाळवाणं, पण आपल्या कामाचं. त्या गोष्टीत मुलाला डुकरं चारायला शेतात पाठवतात. म्हणजे शेताला काय म्हणता, बापाला काय म्हणता, हे प्रत्येक बोलीला सांगावंच लागतं. पानं शेजारी शेजारी ठेवली की नकाशाच तयार होतो. कोरड्यास मात्र त्यात सापडणार नाही, मेजवानीत कोण कोरड्यास वाढतं!

खळ्यातलो

कुकडी, होय. मालवणात कालवण म्हटलं की माशाचंच. पण माझं भांडण वेगळ्या शब्दाशी आहे, नावातच आहे बघा.

आमच्याकडे खळां म्हणजे घरापुढचं अंगण. पाहुणा आला की "खळ्यात बस मा वायच." मी शिकायला कोल्हापूरला होतो. खोलीवरच्या मित्राला सांगितलं, आमच्या खळ्यात तुळस आहे, संध्याकाळी आम्ही पोरं खळ्यातच अभ्यास करायचो. त्यानं फार सहानुभूतीनं विचारलं, "घर नव्हतं का रे?" त्याच्या डोक्यात गावाबाहेरचं खळं, मधे तिवडा रोवलेला, त्याभोवती बैल फिरतायत, कडबा पडलाय आणि मी त्या तुसात पाटी घेऊन बसलोय.

पण खरं सांगायचं तर दोन्ही एकच आहे. भात कापून झालं की आमच्याकडे अंगणच चोपून, सारवून घेतात आणि मळणी तिथेच होते. देशावर शेतं लांब, पीक मोठं, म्हणून मळणीची जागा घरापासून तुटली. कोकणात ती दारातच राहिली आणि मळणी नसेल तेव्हाही तिला तेच नाव.

'वाडी'चंही तसंच. देशावर वाडी म्हणजे बारकं गाव. आमच्याकडे गावातली एकेक वस्ती म्हणजे वाडी आणि नारळी-पोफळीची बागही वाडीच. "वाडीत गेलाय" म्हणजे माणूस शेजारी गेलाय की शिंपणं करायला गेलाय, हे त्याच्या हातात काय होतं त्यावरून ओळखायचं.

तापीकाठ

धुळ्याकडून हजेरी. आमच्या अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो, डोळा नाही डोया, काळा नाही काया. वऱ्हाडातही होतो म्हणा. तर 'सकाळ' ची झाली 'सकाय'. पण नुसता उच्चार बदलला असता तर काम सोपं होतं. सकाय म्हणजे उद्या.

माझ्या मेहुण्यानं पुण्यात फ्लॅट घेतला. रंगकामाला आमच्याच भागातला एक जण मिळाला. त्यानं सांगितलं, "सकाय येसू." मेव्हणा पुण्यात वाढलेला. सकाळी सातपासून कुलूप उघडून बसला. रंगारी साडेचारला आला आणि उशीर का केला म्हणून विचारल्यावर खरोखर गोंधळला. उद्या येतो म्हणाला होता आणि उद्याच आला होता.

यात नवल काही नाही. रात्री झोपताना पुढचा दिवस म्हणजे पुढची सकाळच. हिंदीतला 'कल' संस्कृत 'कल्य' वरून आला, त्याचा अर्थ पहाट. आपला 'काल' ही तिथलाच. म्हणजे एका पहाटेतून हिंदीनं काल आणि उद्या दोन्ही काढले, मराठीनं फक्त मागचा दिवस घेतला आणि खानदेशानं नवी सकाळ पुढच्या दिवसाला लावली. मालवणीत उद्याला 'फाल्यां' म्हणतात ना? ते कुठून आलं असेल?

खळ्यातलो

फाल्यां म्हणजे उद्या, बरोबर. कुठून आलं ते फाल्यां सांगतो.

कृष्णाकाठ

वेळेवरून निघालंच आहे तर 'यरवाळी' घ्या. "यरवाळी घरला ये." आमच्या घरात याचा अर्थ दिवस मावळायच्या आत. माझी बायको पंढरपूरची, तिच्याकडे यरवाळी म्हणजे सकाळी लवकर. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा तिच्या घरी बोलावणं आलं, "यरवाळी या." मी पाचला पोचलो, संध्याकाळी. तोवर त्यांचं पुरणावरणाचं जेवण होऊन भांडी पालथी पडली होती.

मला वाटतं मूळ अर्थ फक्त 'वेळेआधी' असा असावा. कुठल्या वेळेआधी, हे ज्यानं त्यानं आपापल्या कामावरून ठरवलं.

निवृत्त_तलाठी

धागा आजच वाचला. पळसफूल यांच्या 'राना'वर कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो.

रान हा शब्द अरण्यातून आला हे सगळे सांगतात. पश्चिम महाराष्ट्रात जंगल मोडून जमीन वहितीला आणली तरी नाव तेच राहिलं असावं. रानभाजी, रानडुक्कर यांत जुना अर्थ शाबूत आहे आणि 'रान नांगरलं' यात नवा. एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही, आणि तो कधीही डुकराला शेतडुक्कर म्हणत नाही. शेताच्या प्रकारांना नावं वेगळीच. विहिरीचं पाणी असेल तो मळा. कोकणात भाताचं बांध घातलेलं ते खाचर, वर उतारावरचं ते वरकस. शिवार म्हणजे गावाची सगळी शेतं मिळून. तुमच्या वऱ्हाडातलं वावर कागदावर आम्ही शेतच लिहायचो.

अवजारांचंही असंच. सातारकडचा कुळव तो तुमच्याकडे वखर. इथलं कोळपं तो तिकडे डवरा. आणि ती तुमची भांगलण म्हणजे तुमच्या माहेरचं निंदण, नगर-पुण्याकडे खुरपणी. काम तेच, पाठ तेवढीच दुखते.

माझ्या नोकरीतला शब्द मात्र 'पांढरी'. गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यानपिढ्या चुलीची राख, पडक्या मातीच्या भिंती, शेण, सगळं साठून वस्तीची माती फिकी पडते. ओसाड गावाच्या जागीही टेकाड राहतं आणि त्याला पांढरीच म्हणतात. ती माती लोक माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, टाकायला गाड्या भरून न्यायचे. (माळवद हे नाव घेणाऱ्यांना माहीत असेलच.) एकदा शहरातला एक गिऱ्हाईक जुने कागद वाचून माझ्याकडे आला. म्हणाला, जागा चांगली आहे पण पांढरी आहे, चुनखडीची, तिथं काही पिकणार नाही, भाव कमी करायला सांगा. मी म्हटलं, साहेब, तिथं माणसं पिकलीत आजवर. त्याला विनोद कळला नाही. समोरच्या शेतकऱ्याला कळला, त्यानं भाव वाढवला.

माळवद

तलाठीसाहेब, माहीत आहे. आमच्या माळवदावर दर उन्हाळ्यात तीच माती पडायची आणि पहिल्या पावसात तरीही गळायचंच.

आता माझा शब्द. मावळण. याच्यावर आमच्या घरात लग्नपत्रिकेवरून भांडण झालंय. आई म्हणते मावळण म्हणजे आत्या. काकू म्हणते, मावळा म्हणजे मामा, मग मावळण मामीच असणार. मामा संस्कृतात मातुल आणि मामी मातुलानी, म्हणजे काकूची बाजू दिसायला भक्कम आहे.

पळसफूल

अहो, हा शब्द! नणंदेच्या हळदीला "मावळण कुठंय, मावळणीला बोलवा" असा पुकारा झाला. मी मावळ तालुक्यातून कोण आलंय ते शोधत मांडवभर फिरले. एक बाई वडगावच्या निघाल्याही, त्यांना हाताला धरून आणलं. दिव्याचं ताट त्यांच्या हातात द्यायचं तेवढं राहिलं होतं.

जुनाट

मावळण म्हणजे आत्या. बापाची बहीण. कोशातही तेच आहे. या एकदा तरी माझं ऐका.

माळवद

ऐकलं. पण मग मातुलानीची आत्या कशी झाली, ते कोश सांगत नाही. आमच्या भागात कानडी कानावर असतं, तिथून मला एक दिसतंय. कानडीत 'अत्ते' म्हणजे आत्या, मामी आणि सासूसुद्धा. 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही. कारण काय? मामाची मुलगी करायची चाल. भाच्यानं मामाची मुलगी केली की मामा सासरा होतो. आणि दोन घरांत अशा सोयरिकी पिढ्यानपिढ्या उलटसुलट चालू राहिल्या की माझी आत्या माझ्याच मामाला दिलेली असते. आत्या आणि मामी ही एकच बाई. मग मावळ्याची बायको ती मावळण आणि तीच बापाची बहीण. मामा-मामीची जोडी सुटी झाली तेव्हा नाव आत्याकडे राहिलं असेल.

इरावती कर्व्यांनी १९५३ च्या त्यांच्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राची ही मधली जागा दाखवलीच आहे, उत्तरेसारखं मामाचं घर पूर्ण वर्ज्य नाही आणि दक्षिणेइतकं मोकळंही नाही.

पुरावा कोशात शोधू नका, घरात शोधा. आपल्याकडे सुना सासऱ्याला मामंजी का म्हणतात?

पळसफूल

थांबा. मी सासऱ्यांना मामा म्हणते. आणि सासूबाईंना आत्या. अकरा वर्षं. सगळे म्हणतात म्हणून म्हणते, कधी विचारच केला नाही.

तापीकाठ

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, शेजारी गुजराती फोई म्हणतात. त्यामुळे आमच्या बाजूनं मावळणीचा वाद नाही. सातपुड्याचा वारा लागलेला बरा.

कुकडी

+१ माळवद. वाखु (वाचनखूण) साठवली. झुणक्याबद्दल मात्र तुम्ही अजून चूक आहात.

वारंगुळा

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. आमच्याकडे पेरणीला माझी बैलजोडी तुमच्याकडे, उद्या तुमची माझ्याकडे, याला सावड म्हणतात. काही गावांत वारंगुळा, तेच मी नाव घेतलंय. बिनपैशाची देवाणघेवाण. सगळ्या गावानं मिळून एकाचं रान नांगरून द्यायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं ती इर्जिक. या दोन्हींत फरक आहे. सावडीत परतफेड मोजून होते, इर्जिकीत मोजत नाहीत.

मुंबईला बदली झाल्यावर ऑफिसात सहज म्हणालो, "आपण सावड करू, शनिवारी मी तुझं काम करतो, पुढच्या शनिवारी तू माझं." समोरची बाई एकदम गप्प. तिच्या कानी सावडणं म्हणजे फक्त तिसऱ्या दिवशी स्मशानात जाऊन अस्थी गोळा करणं. महिनाभर ती माझ्याशी जपून बोलायची.

जुनाट

मुळात सावडणे म्हणजे गोळा करणे, एकत्र करणे. अस्थींचं तेच, बैलांचं तेच. शहरात बैल गेले, स्मशान राहिलं.

पळसफूल

काल रात्री हा सगळा धागा आत्यांना वाचून दाखवला. मावळणीवर म्हणाल्या, "त्यात काय शोधायचं, माझी आत्याच माझी मामी हुती." माळवद, घ्या तुमचा पुरावा. काचऱ्यांच्या गोष्टीवर पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. म्हणाल्या, "मामा त्या दिवशी संध्याकाळी मला म्हनलं, पोरीला काय बोलू नगं, तिच्या गावाला रस्साच नसंल."

मग मी मुद्द्यावर आणलं. झुणका कोरड्यास का नाही, ते सांगा. सोलापूरकर नाही म्हणतात, इथले हो म्हणतात, जुन्नरकर तिसरंच म्हणतात. त्यांनी चष्मा काढला आणि मलाच विचारलं, "झुणका वाढताना त्यावर काय सोडतीस?"

कच्चं तेल, मी म्हटलं.

"मग? तेल सोडलं की झालं की कोरड्यास. नाय सोडलं तर नुसता झुणका."

कृष्णाकाठ

_/\_

माळवद

तेल मान्य. पण पळीभर तरी हवं.